लाईट गेली नव्हती

पुढचा घटनाक्रम कुणा एका घराचा पंचनामा नाही. साक्रीतलं एक साधं घर समोर धरून तो मांडला आहे. माणसं कल्पित आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. वायरी, जोड, सवयी आणि वीज मात्र जशी असते तशीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या गेल्या काही वर्षांच्या अहवालांत विजेच्या धक्क्यानं होणारे मृत्यू दरसाल बारा हजारांच्या वर आहेत. त्या आकड्यात एखादं घर कसं जाऊन बसतं, ते घड्याळ समोर ठेवून पाहू.

सात वर्षं आधी

घरमालकानं जुन्या मोरीचं बाथरूम केलं. तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि भिंतीवर पंधरा लिटरचा गिझर आला. धुळ्याकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथला जानेवारीही बोचरा असतो. पारा दहाच्या खाली सहज उतरतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरात गिझर ही आता चैन राहिलेली नाही.

त्याच कामात जमिनीतली गंजलेली लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी टाकली. ती लोखंडी पाइप वर्षानुवर्षं ओल्या मातीत पडून होती. नळाला कुठून करंट आलाच, तर तो तिच्यातून जमिनीत मुरत होता. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, म्हणून ती गेल्याचंही कुणाला जाणवलं नाही.

वायरमन म्हणाला, "अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागेल." खड्डा खणायला घेतला. दोन-अडीच फुटांवर मुरूम लागला आणि त्याखाली पहार ठणठण वाजायला लागली. धुळे-नंदुरबारच्या या पट्ट्यात बेसॉल्टच्या उभ्या भिंती जमीन चिरत गेलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. अर्थिंगसाठी अडीच मीटर पाइप उभी पुरायची, भोवती कोळसा-मीठ भरायचं आणि वरून पाणी घालत राहायचं, ही पद्धत पुस्तकात सरळ दिसते. अशा जमिनीत ते दोन दिवसांचं काम होतं. मजुरी वाढणार होती आणि फरशीवाला खोळंबला होता.

मग वायरमननं सगळीकडे चालतं तेच केलं. थ्री-पिन सॉकेटच्या मागे, अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायर जोडली. लूप मारला. मालकाला सांगितलं, "न्यूट्रल आणि अर्थ एकच असतंय. ट्रान्सफॉर्मरपाशी दोघं जमिनीतच जातात." फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला.

त्याचं बोलणं अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या अर्ध्यातच आहे. ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल खरोखरच जमिनीला जोडलेला असतो. पण तिथपासून घरापर्यंत येणारी न्यूट्रलची तार शाबूत आहे तोवरच हे खरं. ती वाटेत कुठंही तुटली, तर गिझरचा लोखंडी सांगाडा जमिनीशी नाही, गिझरच्याच कॉइलमधून थेट फेजशी जोडलेला राहतो. बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग आहे, ही परीक्षा म्हणूनच खोटी. लूप असला तरी बल्ब तितकाच लख्ख पेटतो.

तीन वर्षं आधी

वादळात सर्व्हिस वायर निसटली. खांबावर कुणी तरी ओळखीचा माणूस चढला, ॲल्युमिनियमची तार पिळून जोडली, वर टेप गुंडाळला आणि उतरला. ॲल्युमिनियमवर हवेनं थर चढतो आणि जोड आतून सैल पडतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. तीन पावसाळे गेले. फेजचा जोड बरा राहिला; न्यूट्रलचा काळा पडत गेला.

१३ जानेवारी, भोगी. सकाळी ६:१०. चोवीस तास आधी

गिझर चालू, अंगणात पाण्याची मोटारही चालू. मोठी माय अंघोळ करून बाहेर येते आणि सुनेला सांगते, "नळले हात लावा का मुंग्या येतस."

सून म्हणते, "हात ओला ऱ्हास, म्हनीसन वाटस."

संपूर्ण चोवीस तासांतली सगळ्यात मोलाची सूचना ही आहे, आणि ती घरातल्या सर्वांत वयस्कर बाईनं अचूक दिली आहे. खांबावरच्या काळ्या जोडात तीन ओहमचा अडथळा धरला आणि गिझर-मोटार मिळून पंधरा अँपिअर ओढत असतील, तर न्यूट्रलवर पंचेचाळीस व्होल्ट चढतात. लूपमधून तेच व्होल्ट गिझरच्या टाकीवर येतात आणि टाकीपासून स्टीलच्या जाळीच्या पाइपनं नळावर. गिझर बंद केला की मुंग्या कमी होतात. एवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं. नळाला मुंग्या येणं हे ओल्या हाताचं लक्षण कधीच नसतं.

सकाळी ११:००

मालक टेस्टर घेऊन नळाला लावून बघतो. टेस्टर पेटत नाही. "काही नाही," म्हणतो आणि दुकानावर जातो.

त्यानं निदान पाहिलं तरी. बहुतेक घरांत तेवढंही होत नाही. पण खिशातला निऑनचा टेस्टर साधारण साठ-सत्तर व्होल्टच्या खाली पेटतच नाही. शिवाय या वेळी गिझर बंद आणि मोटारही बंद, म्हणजे न्यूट्रलवर काही चढलेलंच नाही. तपासणी झाली ती नेमकी धोका झोपलेला असताना.

संध्याकाळी ५:३०

धुळ्या-साक्रीकडे संक्रांत म्हणजे पतंग. गल्लीतल्या पोराचा पतंग सर्व्हिस वायरला अडकतो. तो गच्चीवरून मांजा ओढतो, वायर झोके घेते, पतंग फाटून सुटतो. खांबावर टेपच्या आत एक तार तुटते. उरलेल्या दोन-तीन तारांवर घराचा सगळा भार येतो.

रात्री ९:१५

नणंद मुलांसह मुक्कामाला आली आहे. तीळ भाजून झालेत, गूळ किसून ठेवलाय. फ्रिज सुरू होताना स्वयंपाकघरातला दिवा क्षणभर मिचमिचतो. मुलगी म्हणते, "आबा, लाईट डीम-फुल होतेय." आबा म्हणतात, "व्होल्टेज नसेल."

याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. विजेची टंचाई हे दर मिचमिचीचं उत्तर असू शकत नाही. शेजारच्या घरात दिवा स्थिर आहे आणि आपल्याच घरात मिचमिचतोय, तर जोड सैल आहे. महावितरणच्या १९१२ वर तक्रार करण्याची ही वेळ होती.

या घरात एमसीबी आहेत. नवे, पांढरे, ओळीनं बसवलेले. त्यामुळे सगळे निर्धास्त आहेत. अशा चकचकीत बोर्डानं लोकांची जेवढी फसगत होते तेवढी उघड्या वायरीनंही होत नसेल. उघडी वायर निदान भीती तरी घालते. एमसीबी माणसासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. गिझरचा वीस अँपिअरचा एमसीबी वीसच्या खाली हलणार नाही. ओल्या अंगाचा अडथळा हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून पाव अँपिअरही जात नाही. सुमारे २३० मिलिअँपिअर जातात. एमसीबीच्या हिशोबी हा एखाद्या पंख्याचा भार. माणसाच्या हिशोबी मात्र पन्नास-शंभर मिलिअँपिअरलाच हृदय लयीत धडधडायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं.

बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून एक गोष्ट मोजली होती: धरलेली तार माणूस किती प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडू शकतो? पुरुषांची सरासरी आली सोळा मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू मूठ आवळूनच धरतात. "चिकटला" असं आपण म्हणतो, ते हेच. याच अभ्यासातून त्यांनी १९६१ साली गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण केलं. आपल्याकडे त्याच जातीचा आरसीसीबी मिळतो. जितकी वीज फेजनं आत गेली तितकी न्यूट्रलनं परत आली का, एवढंच तो सतत ताडून पाहतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या काही शतांशांत खटका पाडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतरच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत, अगदी छोट्या जोडण्या सोडल्या, तर असं उपकरण बसवायची अट आहे. किंमत दोन-तीन हजारांच्या आसपास. या घरात गिझर आहे, वॉशिंग मशीन आहे, मोठा टीव्ही आहे. आरसीसीबी नाही.

नुसता खड्डा घेतला असता तर भागलं असतं का? नाही, आणि हे वायरमन मंडळींनाही पटवून द्यावं लागतं. मुरमाड जमिनीत एका खड्ड्याचा अडथळा वीस ओहम आला, तर फॉल्टच्या वेळी जेमतेम साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. वीसचा एमसीबी ढिम्म राहील, आणि गिझर वीज अंगावर घेऊन तसाच उभा. मे महिन्यात माती वाळली की गत आणखी वाईट. खड्डा गळतीला वाट देतो. वीज तोडायचं काम आरसीसीबीचं. दोन्ही लागतात.

१४ जानेवारी, संक्रांत. पहाटे ४:५०

सून उठते, गिझर लावते. बटण बाथरूमच्या आतच आहे, नळापासून हातभर अंतरावर, एका पोलचं साधं बटण. न्हाणीच्या कडेपासून निदान साठ सेंटिमीटरपर्यंत बटण-सॉकेट नको, हा जगभरचा दंडक आहे. गिझरचं बटण बाहेर हवं आणि ते डबल पोलचं हवं, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारं. साधं बटण बंद केल्यावरही न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि लूपच्या घरात न्यूट्रल म्हणजेच नळ.

५:१५

मोटार चालू. पंधरा अँपिअर पुन्हा त्या दोन-तीन तारांतून. खांबावर टेपच्या आत निळसर ठिणगी दिसते. गल्ली अंधारात आहे, पाहायला कुणी नाही.

५:३०

नणंदेची अंघोळ होते. नंतर मोठी माय. "आज जास्तच मुंग्या येतस," ती पुन्हा सांगते. बाहेर चहा ठेवलेला, मुलांना उठवायचं आहे. कुणाचं लक्ष नाही.

५:५५

सून बाथरूममध्ये जाते. तिळाचं उटणं वाटीत आहे. गिझर चालूच, मागून मुलांच्याही अंघोळी आहेत. अर्धी बादली भरते आणि नळ बंद करते.

५:५८

खांबावरचा न्यूट्रल जळून तुटतो.

घरातले दिवे जातात, मोटार थांबते, गिझरचा लाल दिवा विझतो. बाहेरून मोठी माय म्हणते, "लाईट गयी."

लाईट गेलेली नाही. फेज आहे तसाच घरात उभा आहे, फक्त परतीची वाट बंद झाली आहे. चालू राहिलेल्या गिझरच्या कॉइलमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर उतरतो, लूपमधून टाकीवर येतो, पाइपमधून नळावर. दोन किलोवॅटच्या कॉइलचा अडथळा जेमतेम सव्वीस ओहम. हजार ओहमच्या माणसापुढे तो नसल्यातच जमा. संपूर्ण दिवसात नळ इतका धोकादायक कधीच नव्हता, आणि सगळ्या घराला वाटतंय की आता विजेचं काही उरलंच नाही.

६:०१

मुलगी ओट्यावर येते. समोरच्या घराच्या खिडकीत उजेड दिसतो. "त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे," असं म्हणून ती मेणबत्ती शोधायला आत जाते.

मला या तीन मिनिटांवर थांबावंसं वाटतं. समोर दिवा आहे आणि आपल्याकडे नाही, हे दिसलं त्या क्षणी मेन बंद करायचा. गल्लीची लाईट गेली असेल तर मेन बंद केल्यानं काही बिघडत नाही. फक्त आपलीच गेली असेल, तर कारण कळेपर्यंत तो बंदच राहिला पाहिजे. इन्व्हर्टरचा अंदाज खराही असू शकतो; पण मेन पाडायला एक सेकंद लागतो.

६:०४

आतून आवाज येतो, "गरम पाणी आहे अजून, मी आटपते." गिझर बंद पडला तरी टाकीतलं पाणी गरम असतं, म्हणून अंघोळ थांबत नाही. पाय ओल्या फरशीवर, अंगाला साबण. साबणाचं ओलं अंग विजेला कोरड्या अंगापेक्षा कितीतरी सोपं.

६:०५

ती अंधारात नळ चाचपते. पितळी चावीवर उजव्या हाताची मूठ बसते.

फरशीचा अडथळा धरला तरी प्रवाह शंभर मिलिअँपिअरच्या वर जातो. किंकाळी येत नाही. छातीचे स्नायू आवळले की आवाज निघत नाही. बाहेर फक्त बादली कलंडल्याचा आवाज येतो.

६:०७

हाका. उत्तर नाही. नवरा दार ढकलून कडी तोडतो, तिचा दंड धरतो आणि फेकला जाऊन दाराच्या चौकटीवर आपटतो. त्याला झटका लागूनही तो ओरडतो, "लाईट नाही, मग करंट कसा?"

या प्रश्नात दोन मिनिटं जातात. मेन बंद करायचं कुणालाच सुचत नाही, कारण सगळ्यांच्या लेखी मेन आधीच बंद झाल्यासारखा आहे. शेवटी मुलगी धावत जाऊन बोर्डावरचे सगळे खटके पाडते. तिनं हे कुठं शिकलेलं नव्हतं. मूठ सुटते.

६:१०

तिला बाहेर ओट्यावर आणतात. कुणी कांदा आणतं, कुणी तळपाय चोळतं, कुणी पाणी पाजायला बघतं. यातलं काहीच करायचं नसतं. श्वास नाही, हाक ऐकू जात नाही, तर पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवायचे आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल, जोरात दाबत राहायचं. दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. विजेच्या धक्क्यानं थांबलेलं हृदय बऱ्याचदा निरोगी असतं, म्हणून इथे प्रयत्न सोडायचे नसतात. ओट्यावर अकरा माणसं उभी आहेत. छाती दाबणारं कुणी नाही.

६:३५

साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर तपासतात. धुळ्याला, पन्नासेक किलोमीटरवर, न्यायची गरज उरलेली नाही.

सकाळी ९:३०

लाईनमन येतो. घरातल्या सॉकेटमध्ये टेस्टर घालतो, मेन लावायला सांगतो. एका भोकात पेटतो, दुसऱ्यातही पेटतो. तो लगेच म्हणतो, "न्यूट्रल गेलाय." मग खांबाकडे बघतो. हे ओळखायला त्याला अर्धं मिनिट लागलं.

दुपारी

विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अशा मृत्यूची खबर विद्युत निरीक्षकांकडे जाते आणि चौकशी होते. सॉकेट उघडतात. बोटभर लूपचा फोटो निघतो. वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर सही एकाची असते, काम दुसऱ्यानं केलेलं असतं, आणि सही करणाऱ्यानं घर पाहिलेलं नसतं.

ओट्यावर बसलेले लोक नशिबाच्या गोष्टी बोलतात. नशीब हा शब्द इथे मला सहन होत नाही. २ जानेवारी २००८ रोजी बगदादमध्ये अमेरिकी लष्कराच्या तळावर एक जवान शॉवरखाली गेला आणि विजेच्या धक्क्यानं मेला. पाण्याच्या पंपात शॉर्ट झाला होता आणि पंपाला नीट अर्थिंग नव्हतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्कराच्या बाथरूममध्येही हेच घडतं, कारण तिथंही कुणी तरी ते काम नंतर बघू म्हणून सोडलेलं असतं. त्या जवानाच्या आईनं हा प्रश्न अमेरिकी संसदेपर्यंत नेला. आपल्याकडे दहाव्यानंतर तो संपतो.

तिसरा दिवस, सकाळी ११:००

शेजारच्या घरानं दुसरा, परवानाधारक वायरमन बोलावला आहे. तो आधी मेन पाडतो, मेनच्या पलीकडचा न्यूट्रल सोडवतो आणि मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये जोड लागतो का ते बघतो. मीटर टीं वाजतो. इथंही लूप आहे. बाथरूमचं सॉकेट उघडून तो लूप कापतो. अंगणात दोन खड्डे घ्यायला सांगतो, कारण एका खड्ड्यात या जमिनीचं भागणार नाही. गिझर आणि नळ हिरव्या वायरनं एकत्र बांधून ती वायर खड्ड्यापर्यंत नेतो. मेनपाशी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतो. अर्थाशिवाय आणि न्यूट्रल तुटलेला असतानाही चालणारा, यांत्रिक जातीचा.

खटका वर केला की पडतो. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. घरमालक वैतागतो, "हे सारखं पडायला लागलं तर काढून टाका. पहिलं बरं होतं."

वायरमन काढत नाही. एकेक सर्किट सोडवत जातो. बेडरूमचं सोडवलं, पडतोच. हॉलचं सोडवलं, पडतोच. स्वयंपाकघराचं सोडवल्यावर खटका वर राहतो. तो फ्रिज पुढे ओढायला लावतो, मागचं सॉकेट उघडतो आणि दुसरा लूप बाहेर काढून मालकाच्या हातावर ठेवतो. मग वॉशिंग मशीनचं सॉकेट कुठे आहे ते विचारतो.